लिंकमधली किल्ली

संयुक्त अरब अमिरातीत सरकारी कामासाठी संकेतस्थळ उघडले की लॉगिनच्या चौकटीजवळ ‘यूएई पास’ हे बटण दिसते. ते दाबून एमिरेट्स आयडी या ओळखपत्राचा क्रमांक, मोबाइल क्रमांक किंवा ईमेल टाकायचा. पडद्यावर एक आकडा येतो आणि त्याच वेळी खिशातल्या फोनवर विनंती वाजते. ॲपमध्ये तोच आकडा निवडून चेहरा, बोटाचा ठसा किंवा पिनने होकार दिला, की संकेतस्थळ आपोआप आत घेते. पासवर्ड कुठेच टाकावा लागत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये दुबईच्या जायटेक्स प्रदर्शनात ही राष्ट्रीय डिजिटल ओळख जाहीर झाली. केंद्रीय दूरसंचार नियामक, दुबई आणि अबू धाबी या तिघांच्या डिजिटल यंत्रणांनी ती मिळून उभी केली. परदेशातून आलेल्या रहिवाशालाही ती मिळते, त्यामुळे शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्या मराठी कुटुंबाचीही कितीतरी कामे याच एका दारातून होतात.

या पद्धतीत गुपित संकेतस्थळाच्या हाती कधी पडतच नाही, आणि तिची खरी ताकद तिथे आहे. वापरणाऱ्याला संकेतस्थळ यूएई पासकडे पाठवते. तिथे ओळख पटली की परत येताना एक अल्पजीवी कोड मिळतो. संकेतस्थळाचा सर्व्हर तो कोड थेट यूएई पासच्या सर्व्हरला दाखवतो आणि माणूस कोण आहे ते विचारून घेतो. जाताना संकेतस्थळाने एक यादृच्छिक खूण सोबत दिलेली असते. परतताना तीच खूण आली आहे ना, हे तपासणे फार महत्त्वाचे असते. ही तपासणी गाळली, तर दुसऱ्याच कुणी सुरू केलेले लॉगिन भलत्याच्या ब्राउझरमध्ये पुरे होऊ शकते.

कमजोरी उरते ती माणसाच्या होकारात. बँकेतून किंवा पोलिसांकडून बोलतोय असे सांगून कुणी फोन करते आणि ‘आता विनंती येईल, मान्य करा’ म्हणते. आकडा जुळवण्याची सोय यासाठीच आहे: न मागता आलेल्या विनंतीवर नुसता अंगठा टेकवून भागत नाही. पण समोरच्याने आकडाही फोनवर सांगितला, तर ती अडचणही दूर होते. म्हणून कोणत्या सेवेत प्रवेश मागितला आहे, हे होकाराच्या पडद्यावर ठळक दिसायला हवे, आणि ते वाचण्याची सवय हवी.

पासवर्ड आणि यूएई पास यांच्या मधली पायरी म्हणजे एसएमएसवरचा ओटीपी. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेच्या सूचनेवरून तिथल्या बँकांनी जुलै २०२५ पासून एसएमएस आणि ईमेलवरचे ओटीपी टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. त्यासाठी मार्च २०२६ ची मुदत ठरली होती. त्याऐवजी बँकेच्या ॲपमध्येच होकार द्यायचा. सहा आकडी ओटीपीला दहा लाखच शक्यता असतात, तरी खरा धोका अंदाज लावण्याचा नाही. खोट्या पानावर ओटीपी टाकला की तो पुढच्या क्षणी खऱ्या पानावर वापरता येतो, आणि सिमकार्ड फसवून दुसऱ्याने काढून घेतले तर संदेशच त्याच्याकडे जातो. आखातातल्या मराठी माणसाला ओटीपीचा आणखी एक जाच परिचयाचा आहे. भारतातल्या बँकेचा संदेश यावा एवढ्यासाठी अनेकांना जुने भारतीय सिम रिचार्ज करून जिवंत ठेवावे लागते.

राष्ट्रीय ओळखीशी जोडून घेणे प्रत्येक छोट्या ॲप्लिकेशनला जमत नाही. मंडळाची सभासद नोंदणी, शिकवणीचे पोर्टल, हिशेब ठेवणाऱ्या छोट्या फर्मचे पान अशा ठिकाणी पासवर्ड टाळायचा, तर सोपा मार्ग म्हणजे ईमेलवर लिंक पाठवणे. वापरणारा पत्ता टाकतो, मेल येतो, त्यातली लिंक दाबली की प्रवेश मिळतो. दिसायला सोपे, पण ती लिंक हीच किल्ली असते. ती ज्याच्या हाती, त्याला दार उघडते. म्हणून ती घडवण्यापासून मोडण्यापर्यंत प्रत्येक टप्पा नीट बांधावा लागतो.

पहिली गोष्ट, किल्लीचे दाते. लिंकमधला टोकन, म्हणजे तिच्यातली गुप्त अक्षरमाळा, अंदाजाने सापडणार नाही इतका मोठा असावा. १२८ बिट हे सर्वमान्य किमान माप; एवढ्या शक्यता लिहायला ३९ अंकी संख्या लागते. तो प्रोग्रामिंग भाषेतल्या साध्या रँडम फंक्शनमधून काढू नये. त्या फंक्शनचा पुढचा क्रम मागच्या आकड्यांवरून उलगडता येतो. गुप्तलेखनासाठी बनवलेला यादृच्छिक स्रोत प्रत्येक प्रमुख भाषेत असतो, तोच घ्यावा. वेळ, ईमेल पत्ता, सभासद क्रमांक यांची सरमिसळ करून बनवलेला टोकन कितीही लांबलचक दिसला तरी कच्चाच.

दुसरी गोष्ट, डेटाबेसमध्ये टोकन जसाच्या तसा ठेवू नये. त्याचा हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ टोकन उलट काढता येत नाही असा ठसा, ठेवावा. लिंक परत आली की तिच्यातल्या टोकनचा पुन्हा हॅश काढून जुळवायचा. मग डेटाबेस चोरीला गेला तरी चोराला एकही चालू लिंक मिळत नाही. सोबत कोणाचा, कधी बनवला, कधी संपणार आणि वापरला का, एवढी नोंद पुरते. दहा-पंधरा मिनिटांचे आयुष्य आणि एकदाच वापर, हा नियम. नवी लिंक मागितली की जुनी रद्द.

‘एकदाच वापर’ म्हटले की एक नेहमीची फजिती होते. अनेक कंपन्यांच्या मेल यंत्रणा आलेली प्रत्येक लिंक धोकादायक तर नाही ना हे पाहण्यासाठी आधी स्वतः उघडून बघतात. तपासणीच्या त्या भेटीतच टोकन खर्ची पडतो, आणि ऑफिसात बसलेल्या माणसाला ‘लिंकची मुदत संपली’ असा संदेश दिसतो. उपाय साधा आहे. लिंक उघडल्यावर फक्त ‘पुढे जा’ असे बटण असलेले पान दाखवावे, आणि बटण दाबून फॉर्म पाठवला गेला तरच टोकन वापरला असे धरावे. तपासणी यंत्रणा सहसा पान वाचून निघून जातात. बटण दाबत नाहीत.

त्याहून पक्के करायचे तर लिंक मागणाऱ्या ब्राउझरमध्ये एक कुकी ठेवावी आणि लिंक तिथेच उघडली तर थेट प्रवेश द्यावा. मेल फोनवर आणि काम लॅपटॉपवर, असे पुष्कळांचे असते. त्यांच्यासाठी फोनवरच्या पानावर छोटा कोड दाखवून तो लॅपटॉपवर टाकायला सांगता येतो, पण मग खोट्या पानाचा ओटीपीवाला धोकाही परत येतो.

मेलमधली लिंक बनवताना संकेतस्थळाचे नाव ब्राउझरकडून आलेल्या विनंतीतून उचलू नये. हल्लेखोर तिथे स्वतःचे नाव घुसवू शकतो. मग मेल खऱ्या सेवेकडून जातो आणि त्यातली लिंक चोराच्या दारात नेते. नाव सर्व्हरच्या मांडणीतच पक्के लिहून ठेवावे. पत्ता नोंदलेला असो वा नसो, पडद्यावरचे उत्तर एकच असावे: ‘पत्ता नोंदलेला असल्यास लिंक पाठवली आहे.’ नाहीतर सभासद कोण आहेत ते बाहेरच्याला एकेक पत्ता टाकून काढता येते. एका पत्त्यावर तासाला किती मेल जातील यालाही मर्यादा हवी. प्रवेश मिळताच जुने सेशन टाकून नवे द्यावे.

खासगी लिंकचे काम याहून वेगळे. तिथे माणूस कोण हे विचारायचेच नसते. एक कागद एकाला दाखवायचा असतो. दुबईत घर भाड्याने घेताना पासपोर्ट, व्हिसा आणि एमिरेट्स आयडीच्या प्रती द्याव्या लागतात, आणि करार ‘इजारी’ या यंत्रणेत नोंदवावा लागतो. समजा एखाद्या पोर्टलवर असा करार ठेवला आहे आणि त्याच्या लिंकच्या शेवटी ४१२७ हा आकडा आहे. ४१२८ टाकून पाहणाऱ्याला शेजाऱ्याचा पासपोर्ट दिसला, तर त्या पोर्टलने दारे बसवली खरी, पण कुलूप एकालाही लावलेले नाही. सलग क्रमांक हा नुसता पत्ता झाला. पत्ता माहीत असणे आणि आत येण्याचा हक्क असणे या दोन गोष्टी सर्व्हरने प्रत्येक विनंतीला वेगळ्या तपासायला हव्यात.

हक्क लिंकमध्येच द्यायचा, तर मार्ग दोन. एक, वर सांगितलेला यादृच्छिक टोकन, ज्याची नोंद डेटाबेसमध्ये राहते. दुसरा, सही केलेली लिंक: कागदाचा क्रमांक आणि मुदत लिंकमध्ये उघड लिहायची आणि त्यांवर सर्व्हरकडच्या गुप्त चावीने काढलेली सही जोडायची. मुदत कुणी बदलली की सही जुळत नाही. दुसऱ्यात डेटाबेस बघावा लागत नाही, म्हणून मोठ्या क्लाउड सेवा फाइली देताना ती वापरतात. पण दिलेली एकच लिंक मागे घ्यायची वेळ आली, तर एकतर रद्द केलेल्यांची यादी ठेवावी लागते, नाहीतर चावीच बदलून सगळ्या लिंका मोडाव्या लागतात. ओळखपत्रांसारख्या कागदांसाठी म्हणूनच पहिला मार्ग बरा: दलालाशी व्यवहार फिसकटला की मालकाला एका बटणाने लिंक बंद करता यावी, आणि ती केव्हा केव्हा उघडली गेली हेही दिसावे.

लिंक गळण्याच्या वाटा मात्र पुष्कळ. चॅट ॲपमध्ये ती टाकली की पूर्वदृश्य दाखवण्यासाठी ॲप किंवा त्याचा सर्व्हर ती उघडतो. ब्राउझरचा इतिहास आणि सर्व्हरच्या नोंदवह्या ती जपून ठेवतात. पानावर बाहेरचे चित्र किंवा जाहिरात असेल, तर मूळ पत्ता तिकडेही कळू शकतो. म्हणून अशा पानावर बाहेरचे काहीही नसावे. पत्ता पुढे न पाठवण्याची, शोधयंत्रांनी नोंद न करण्याची आणि प्रत साठवून न ठेवण्याची सूचना सर्व्हरने पाठवावी. अमिरातीचा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२१ चा आहे. कामापुरतीच माहिती आणि कामापुरताच काळ, हे त्यातही आहे.

ईमेल आणि एसएमएस दोन्ही बाजूला सारणारी पद्धत म्हणजे पासकी. तिचा पाया असलेले वेबऑथन हे मानक मार्च २०१९ मध्ये ठरले. मे २०२२ मध्ये ॲपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ती सर्वत्र आणण्याचे जाहीर केले. फोन चाव्यांची जोडी बनवतो. खासगी चावी वापरणाऱ्याकडे राहते आणि सार्वजनिक चावी संकेतस्थळाला मिळते. लॉगिनच्या वेळी संकेतस्थळ एक नवा आकडा पाठवते, फोन त्यावर सही करून देतो. ही जोडी एकाच संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते. नावात एक अक्षर बदललेल्या खोट्या पानापुढे माणूस फसेल, फोन ती चावी पुढेच करणार नाही.

फोन हरवला तर परतीचा रस्ता लागतो, आणि तो बहुधा ईमेलच्या लिंकमधूनच जातो. तेव्हा खाते त्या लिंकइतकेच पक्के. आखातात याला एक खास पैलू आहे. नोकरी संपली, व्हिसा रद्द झाला, माणूस पुण्याला किंवा रत्नागिरीला परतला, की आखातातले सिम बंद होते. काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या कुणाला मिळतो. मोबाइल क्रमांकालाच ओळख मानणारे ॲप्लिकेशन मग नव्या धारकाला जुन्या माणसाच्या खात्यात सोडते. म्हणून बरेच महिने न वापरलेल्या खात्यात नुसत्या क्रमांकावर प्रवेश देऊ नये. आधी नोंदवलेली पासकी किंवा ईमेलची पडताळणी सोबत मागावी. परतणाऱ्यानेही सिम परत करण्याआधी बँक, यूएई पास आणि ईमेल या तिन्ही ठिकाणचा क्रमांक बदलून घ्यावा.