हिरवें कढण

थंडीची पहिली झुळूक आली म्हणजे घरोघरीं ऊनऊन पातळ पदार्थांची आठवण होऊं लागते. कुळथाचें कढण, मुगाचें कढण, टोमॅटोचें सार हे आपले नेहमींचे सोबती होत. त्यांच्या पंक्तीस बसण्याजोगा एक परदेशी पदार्थ आहे. त्याची हकीकत व कृति आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. पोर्तुगालांत त्यास ‘काल्दू व्हेर्द’ म्हणतात. ‘काल्दू’ म्हणजे कढण व ‘व्हेर्द’ म्हणजे हिरवें. बटाट्याचें दाट कढण, त्यांत केसासारखा बारीक चिरलेला पाला, आणि वर सॉसेजच्या एकदोन चकत्या, एवढाच त्याचा संसार.

सॉसेजचें नांव वाचून कांहीं वाचक येथेंच पान उलटतील हें आम्ही जाणून आहों. त्यांस आमची विनंति कीं, जरा धीर धरावा. आज पुष्कळ घरांतील मुलें व नातवंडें शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं परदेशीं असतात. तेथें त्यांचा आहार बदलतो, आणि सुट्टींत घरीं आलीं म्हणजे पानावर बसतांना दोन्ही बाजूंस संकोच उत्पन्न होतो. आजी विचारीत नाहीं, नातू सांगत नाहीं, आणि दोघेंही अर्धपोटीं उठतात. हा प्रश्न टाळून चालणार नाहीं. किंबहुना तो डोळ्यांपुढें ठेवूनच आम्हीं हा पदार्थ निवडला आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. ‘सूप’ हा शब्द ऐकून संस्कृत जाणणाऱ्यास आनंद होतो. कारण संस्कृतांत ‘सूप’ म्हणजे वरण किंवा कढण, ‘सूपकार’ म्हणजे आचारी, आणि पाकशास्त्रास ‘सूपशास्त्र’ म्हणत. परंतु इंग्रजी ‘सूप’ संस्कृतांतून आलेला नव्हे. तो फ्रेंच भाषेंतून आला, व त्याच्या मुळाशीं रश्श्यांत भिजविलेल्या पावाचा अर्थ आहे. ध्वनि एक, वाटा दोन! उलट, ज्यांस आपण अगदीं घरचे समजतों ते तीन शब्द मात्र पोर्तुगीज आहेत. बटाटा, कोबी व पाव हे तिन्ही शब्द मराठीनें पोर्तुगीज भाषेकडून घेतले. आणि याच तीन वस्तु या हिरव्या कढणाच्या जेवणांत एकत्र येतात. उत्तरेकडील ‘आलू’ हा शब्द संस्कृत खरा, पण ‘आलु’, ‘आलुक’ हीं पूर्वीं दुसऱ्याच कंदांचीं नांवें होतीं.

बटाट्याचें माहेर दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वत. स्पॅनिश लोकांनीं सोळाव्या शतकांत तो युरोपांत नेला. मिरची, शेंगदाणा आणि ज्यापासून आपला साबुदाणा होतो तो कंद, हींही मूळचीं अमेरिकेकडचींच. म्हणजे एकादशीची साबुदाण्याची खिचडी व बटाट्याची भाजी हीं आपल्या प्राचीन ऋषींनीं कधीं पाहिलींही नव्हतीं. आणि ज्या तांदळावर त्यांचा पिंड पोसला तो मात्र आज उपासास वर्ज्य! आम्ही हें थट्टेनें लिहीत नाहीं. रूढि ही जिवंत वस्तु आहे, ती नवें आंत घेते आणि त्याला जुनें करून टाकते, एवढेंच दाखवावयाचें आहे.

हें कढण पोर्तुगालच्या वायव्येकडील मीन्यू प्रांतांतलें. पाऊस भरपूर, शेतें लहान, आणि प्रत्येक घरामागें उंच दांड्याच्या कोबीचीं झाडें. या कोबीचा गड्डा वळत नाहीं. खालचीं पानें खुडीत जावें व वर नवीं येत राहतात. गरीब शेतकऱ्यास मांस थोडें, पाला व बटाटा पुष्कळ. म्हणून सॉसेजची चकती येथें अन्न म्हणून नव्हे तर केवळ चवीपुरती पडते. सोबत मक्याच्या पिठाचा जाड पाव असतो. पोर्तो शहरांत २३ जूनच्या रात्रीं संत योहानाचा उत्सव होतो, तेव्हां हें कढण घरोघरीं असतें. २०११ सालीं त्या देशांत जनतेच्या मतानें सात उत्तम खाद्यपदार्थ निवडले गेले, त्यांतही याला स्थान मिळालें.

आतां कृति. सहा माणसांस पाऊण किलो बटाटे, एक मोठा कांदा, लसणाच्या चार पाकळ्या, दीड लिटर पाणी, पाव किलो पाला, चार मोठे चमचे ऑलिव्हचें तेल व चवीपुरतें मीठ घ्यावें. ऑलिव्हचें तेल नसेल तर शेंगदाण्याचें चालेल. बटाटे जुने, पिठूळ असावेत; नव्या बटाट्यानें कढणास दाटपणा येत नाहीं. हिरवट झालेला किंवा मोडाचा बटाटा मुळींच घेऊं नये. त्यांतील विषारी द्रव्य शिजवूनही जात नाहीं.

बटाटे सोलून फोडी कराव्या. त्या, कांदा, लसूण, मीठ व निम्मे तेल पाण्यांत घालून वीस-पंचवीस मिनिटें शिजवावें. नंतर फोडी काढून पुरणयंत्रांतून घालाव्या व त्याच पाण्यांत परत सोडून रवीनें हलक्या हातानें घुसळाव्या. येथें विजेच्या मिक्सरचा मोह टाळावा. त्याच्या पात्यांनीं बटाट्यांतील पिष्टाचे फुगलेले कण फुटतात आणि कढणाची खळ होते.

पाला चिरण्यांत खरी करामत आहे. ‘केल’ नांवाचा पाला मोठ्या शहरांतून मिळतो. न मिळाल्यास नवलकोलाचीं कोंवळीं पानें किंवा कोबीचीं बाहेरचीं हिरवीं पानें घ्यावीं. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें तीं सारीं एकाच जातीचीं. मधला देंठ काढून, अळुवडीसाठीं करतों तशी पानांची घट्ट गुंडाळी करावी व धारदार सुरीनें केसासारखी बारीक चिरावी. कढणास खळखळून उकळी आल्यावर पाला टाकावा आणि झांकण न ठेवतां तीन ते पांच मिनिटेंच शिजवावा. झांकण ठेविल्यास पाल्यांतून निघणारीं आम्ल द्रव्यें आंतच कोंडलीं जातात व हिरवा रंग मळकट होतो. शेवटीं उरलेलें तेल वरून सोडावें.

राहिला प्रश्न सॉसेजचा. पोर्तुगालांत जें वापरतात तें डुकराच्या मांसाचें, तिखट, लसूण व मद्य लावून धुरावर धरलेलें असतें. तेथें बहुधा तें बटाट्याबरोबरच शिजवून मग चकत्या करतात. गोव्यांतील चोरिस याच कुळांतले, पण त्यांत व्हिनेगरचा आंबटपणा व मसाला अधिक, आणि तो कच्चा असल्यामुळें पुरता शिजविल्यावांचून खातां येत नाहीं. आमची सूचना अशी कीं, मुख्य पातेल्यांत तें घालूंच नये. ज्यांना हवें त्यांच्यासाठीं निराळ्या तव्यावर, निराळ्या उलथन्यानें शिजवावें व चकत्या ज्याच्या त्याच्या वाडग्यांत पडाव्या. मुळांतच ती वस्तु वरून घालण्याची असल्यामुळें कढणाची चव यानें बिघडत नाहीं.

शाकाहारी मंडळींचा वाडगा मात्र फिका राहतां कामा नये. सॉसेजनें कढणास तीन गोष्टी मिळतात: स्निग्धता, तिखट-लसणाचा स्वाद व धुराचा वास. तिन्ही आपल्या घरांत आहेत. दोन चमचे तेलांत लसणाचे काप बदामी करावे, आंच बंद करून मग ब्याडगीचें तिखट घालावें, म्हणजे तें जळत नाहीं. त्यांत वाटीभर शिजलेली चवळी परतावी. मध्यें लहान वाटींत पेटता कोळसा ठेवून त्यावर थेंबभर तूप सोडावें व दोन मिनिटें झांकण घालावें. उत्तम धुंगार बसतो. ही चवळी कढणावर घातली म्हणजे पोटासही आधार होतो. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य असेल तेथें आलें व हिंग यांवर काम भागवावें.

आतां एक इतिहासाची गोष्ट. पोर्तुगालांत ‘अल्येइरा’ नांवाचें दुसरें एक सॉसेज आहे. त्यांत पाव, लसूण व कोंबडीसारख्या पक्ष्याचें मांस असे. १४९७ सालीं तेथील ज्यू लोकांस सक्तीनें ख्रिस्ती करण्यांत आलें व १५३६ सालीं इन्क्विझिशनचें धर्मन्यायालय स्थापन झालें. घरांत डुकराच्या मांसाचें सॉसेज टांगलेलें नाहीं, एवढ्यावरून शेजारी संशय घेत. म्हणून या लोकांनीं दिसण्यांत तसेंच पण डुकराचें मांस नसलेलें सॉसेज करून धुराड्यापाशीं टांगलें, अशी तिकडील परंपरागत कथा आहे. कथेचा तपशील कसाही असो, डुकराचें मांस न खाणें हा त्या न्यायालयापुढें संशयाचा मुद्दा होता हें खरें. १५६० सालीं तेंच न्यायालय गोव्यांत आलें. आपल्या वनस्पतींवर १५६३ सालीं गोव्यांत ग्रंथ छापणारा वैद्य गार्सिया द ओर्ता मूळचा अशाच ज्यू कुळांतला. त्याच्या मृत्यूनंतर १५८० सालीं त्याचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. आणि १७३६ सालच्या एका फर्मानानें गोव्यांतील ख्रिस्ती झालेल्या लोकांस, हिंदूंप्रमाणें मीठ न घालतां भात शिजविण्यासही बंदी झाली! सत्ता दुसऱ्याच्या पातेल्यांत डोकावूं लागली म्हणजे ती भातांतल्या मिठापर्यंत जाते.

आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या हातीं अशी सत्ता नाहीं, हें खरें. पण पातेल्यांत डोकावण्याची संवय लहान प्रमाणावर आपल्यांतही आहे, आणि तिचा परिणाम तोच होतो: माणसें सोडून देत नाहींत, लपवूं लागतात. नातवानें आजीच्या सोवळ्याचा मान राखावा. आजीनें त्याच्या वाडग्याची झडती घेऊं नये. ज्या घरीं तें मांस मुळींच चालणार नाहीं, त्या घरानें तसें स्पष्ट व प्रेमानें सांगावें, आणि मुलांनीं तें निमूटपणें पाळावें. तेथें चवळीचें कढण सर्वांनीं मिळून घ्यावें. जेथें चालेल तेथें तवा निराळा असावा. दोन्ही घरीं पातेलें मात्र एकच असूं द्यावें, आणि त्याभोंवतीं बसणारीं माणसें उघड्या मनानें जेवावीं.

येत्या थंडींत एखाद्या रविवारीं हें कढण अवश्य करून पाहावें. पाला चिरण्याचें काम मुलांकडे द्यावें, घुसळण्याचें थोरांनीं घ्यावें, आणि वाढतांना तें इतकें ऊन असावें कीं, पहिल्या घोटापूर्वीं चार शब्द बोलावयास सर्वांना सवड मिळेल.