रुग्णालयातील मुक्काम सुरक्षित कसा राहील?

आजारातून बरे होण्यासाठी रुग्ण रुग्णालयात दाखल होतो. मात्र उपचार सुरू असताना मूळ आजाराशी संबंध नसलेली इजाही त्याला होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, जगभरात उपचार घेणाऱ्या दर १० रुग्णांपैकी सुमारे एकाला अशी इजा पोहोचते आणि असुरक्षित उपचारांमुळे दरवर्षी ३० लाखांहून अधिक लोक प्राण गमावतात. यातील निम्मी किंवा त्याहून अधिक इजा टाळता येण्यासारखी असते. या प्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी २०१९ पासून १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्ण सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

दुर्घटना घडली की चूक कोणाची, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. निष्काळजीपणा असेल, तर जबाबदारी निश्चित झालीच पाहिजे. परंतु कुशल आणि अनुभवी माणसांच्या हातूनही थकव्यामुळे किंवा घाईमुळे चूक होऊ शकते. म्हणूनच एकाची चूक रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वीच दुसऱ्याच्या लक्षात यावी, अशी पडताळणी प्रत्येक टप्प्यावर असणे, हे रुग्ण सुरक्षेचे मुख्य सूत्र आहे.

हातांची स्वच्छता

रुग्णालयातील जंतुसंसर्ग पसरण्याचे एक प्रमुख माध्यम म्हणजे कर्मचाऱ्यांचे हात. १८४७ मध्ये व्हिएन्ना येथील डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूती कक्षातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुणे सक्तीचे केले. त्यानंतर तेथील मातांचा मृत्युदर एप्रिलमधील सुमारे १८ टक्क्यांवरून जूनमध्ये सुमारे दोन टक्क्यांवर आला. आजच्या निकषांनुसार रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, रक्त किंवा शारीरिक स्रावांशी संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेभोवतीच्या वस्तू हाताळल्यानंतर, अशा पाच प्रसंगी हात स्वच्छ करणे आवश्यक आहे. हातमोजे घातले, तरी हा नियम शिथिल होत नाही.

शस्त्रक्रियेची तपासणी सूची

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी सूची जाहीर केली. भूल देण्यापूर्वी, त्वचेला छेद देण्यापूर्वी आणि रुग्णाला शस्त्रक्रियागृहाबाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन टप्प्यांवर हे मुद्दे मोठ्याने वाचून तपासले जातात. रुग्ण तोच आहे का, शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची आहे, त्याला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, वापरलेली उपकरणे आणि कापडी स्पंज यांची मोजणी जुळते का, असे हे साधे प्रश्न आहेत.

या प्रकल्पाचे नेतृत्व अमेरिकेतील शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांनी केले. त्यांच्या वडिलांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. नवी दिल्लीसह जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत ही सूची वापरून पाहण्यात आली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, तर गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून सात टक्क्यांवर आले.

औषधांबाबतची दक्षता

योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ, हे पाच निकष परिचारिकांना प्रशिक्षणातच शिकवले जातात. तरीही सारख्या नावाची किंवा सारख्या वेष्टनाची औषधे एकाच कप्प्यात ठेवल्यास गोंधळ होऊ शकतो. इन्सुलिन, रक्त पातळ करणारे हेपॅरिन आणि तीव्र पोटॅशियम क्लोराइड यांच्या मात्रेतील चूक प्राणघातक ठरू शकते. त्यामुळे अशी औषधे स्वतंत्र ठेवणे आणि ती देण्यापूर्वी दोघांनी तपासणे हिताचे असते. रुग्णाची ओळख खाटेच्या क्रमांकावरून न पटवता पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक, अशा किमान दोन खुणांवरून पटवावी. रक्त चढवताना तर ही पडताळणी अनिवार्यच आहे. कारण न जुळणारे रक्त थोडे जरी शरीरात गेले, तरी जिवाला धोका निर्माण होतो.

इमारतीची सुरक्षा

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयात नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागून १० बालके दगावली. विद्युत यंत्रणेची नियमित तपासणी, मोकळे ठेवलेले बाहेर पडण्याचे मार्ग आणि कर्मचाऱ्यांचा सराव हा उपचारांचाच भाग आहे, हे अशा दुर्घटनांनी दाखवून दिले आहे.

रुग्णांचे हक्क

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ ते २०२५ या कालावधीसाठी रुग्ण सुरक्षेचा राष्ट्रीय आराखडा तयार केला होता. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत १७ हक्कांचा समावेश आहे. आजार आणि उपचारांची माहिती मिळणे तसेच दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेणे हे त्यांपैकी काही होत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या नियमांनुसार, मागणी केल्यास वैद्यकीय कागदपत्रे ७२ तासांच्या आत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

रुग्ण व नातेवाइकांनी काय करावे?

- सुरू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक किंवा घरगुती औषधांसह, आणि औषधांची ॲलर्जी दाखल होतानाच सांगावी.
- प्रत्येक इंजेक्शन किंवा गोळी कशासाठी आहे, हे विचारावे. गोळीचा रंग बदललेला दिसल्यास घेण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.
- डॉक्टरांना किंवा परिचारिकांना हात स्वच्छ केले का, असे नम्रपणे विचारण्यात संकोच बाळगू नये.
- सलाइनचा किंवा प्राणवायूचा वेग स्वतः कमी-जास्त करू नये.
- अशक्त रुग्णाला, विशेषतः रात्री, स्वच्छतागृहात एकटे जाऊ देऊ नये. पडून होणारी दुखापत मुक्काम लांबवते.
- सर्दी, ताप असलेल्यांनी रुग्णाला भेटायला जाऊ नये.
- घरी जाताना डिस्चार्ज कार्डवरील औषधे, पथ्य, पुढील तपासणीची तारीख आणि धोक्याची लक्षणे समजून घ्यावीत.
- औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास प्रथम डॉक्टरांना कळवावे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही त्याची नोंद करता येते.

रुग्णाने किंवा नातेवाइकाने विचारलेला प्रश्न हा डॉक्टरांवरील अविश्वास नसतो. चूक वेळीच अडवणारी ती आणखी एक पडताळणी असते. ज्या रुग्णालयात असे प्रश्न निःसंकोच विचारता येतात आणि त्यांची उत्तरे मिळतात, तेथे रुग्ण अधिक सुरक्षित असतो.