साखरेच्या गोळीने अपाय झाला तर…

मधुमेहावरची पायोग्लिटाझोन ही गोळी आठवते? जून 2013 मध्ये केंद्राने तिची विक्री थांबवली आणि दीड महिन्यातच, मूत्राशयाच्या कर्करोगाचा इशारा छापण्याच्या अटीवर, पुन्हा सुरू केली. अमेरिकेत याच औषधावरच्या दाव्यांपोटी कंपनीने 2015 मध्ये सुमारे 240 कोटी डॉलर मोजायचे कबूल केले. तसल्या रकमेची आशा इथे धरू नका. दाद मात्र मागता येते.

वसई-विरारचा रुग्ण ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. मुदत दोन वर्षे. औषध-उपचारांवर मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही. वकीलही सक्तीचा नाही. ‘ई-जागृती’ या पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते, त्यामुळे लोकलचा धक्का वाचतो. सरकारी दवाखान्यातले पूर्ण मोफत उपचार मात्र या कायद्यात बसत नाहीत.

खरी मेख कलम 87 मध्ये आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या औषधाचा धोका कंपनीने डॉक्टरांना रीतसर कळवला असेल, तर इशारा दिला नाही म्हणून तिला धरता येत नाही. मग प्रश्न उरतो डॉक्टरांचा: मूत्रपिंडाची तपासणी न करताच डोस वाढवला का?

पुरावा जपणे आपल्याच हातात असते. केमिस्ट पट्टी कापून चार गोळ्या देतो आणि बॅच नंबरचा तुकडा त्याच्याच खणात राहतो. म्हणून पक्के बिल मागाच, त्यावर बॅच नंबर असतो. दुष्परिणाम 1800-180-3024 या सरकारी हेल्पलाइनवर कळवा. भरपाई तिथे मिळत नाही, पण नोंद राहते.