मनोरंजन पाळण्यांवरील उंचीची अट : शरीररचना, यंत्ररचना आणि मराठवाड्यातील यात्रा

प्रस्तावना :

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे व उंट यांचा बाजार आणि लोककलावंतांची हजेरी यांमुळे ही यात्रा महाराष्ट्राबाहेरही परिचित आहे. आकाशपाळणा, कोलंबस नावाने ओळखली जाणारी झुलती नाव, साखळीपाळणा व ब्रेक डान्स ही यंत्रेही आता यात्रेची अविभाज्य अंगे झाली आहेत. लातूर येथे महाशिवरात्रीस भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेतही हेच चित्र दिसते.

मुंबईजवळ गोराई येथे १९८९ मध्ये ‘एस्सेल वर्ल्ड’ आणि रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ मध्ये ‘इमॅजिका’ सुरू झाले. अशा कायमस्वरूपी उद्यानांमुळे पाळण्याच्या प्रवेशद्वाराशी उभी असलेली उंचीची मोजपट्टी मराठी कुटुंबांच्या परिचयाची झाली. यात्रेतील फिरत्या पाळण्यांवर मात्र ती क्वचितच आढळते. तेथे मूल तिकिटास पात्र आहे की नाही हे पाहिले जाते. आसनास पात्र आहे की नाही हे बहुधा पाहिले जात नाही. उद्यानात अडवले गेलेले मूल हिरमुसते, पालकांना हा नियम जाचक वाटतो, आणि यात्रेत तो नसल्याची खंत कोणालाही वाटत नाही. या तिन्ही प्रतिक्रियांच्या मुळाशी एकच अज्ञान आहे : ही अट नेमके काय मोजते हे आपणांस ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात या अटीमागील भौतिकशास्त्रीय व शरीररचनाविषयक कारणांचे विवेचन करून मराठवाड्यातील यात्रांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

१. हलके मूल उडून जाते काय?

लहान मूल वजनाने हलके असल्यामुळे ते पाळण्यातून ‘उडून’ जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. साखळीपाळण्याचे उदाहरण घेऊ. आसन मध्यापासून ६ मीटर अंतरावर असून पाळणा मिनिटास १० फेरे घेतो असे मानल्यास आसनाचे केंद्रगामी त्वरण सुमारे ६.६ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या दोन तृतीयांशाइतके येते. साखळी उभ्या रेषेपासून सुमारे ३४ अंशांनी कलते. या गणितात बसणाऱ्याचे वस्तुमान दोन्ही बाजूंनी रद्द होते. परिणामी १५ किलोचे मूल आणि ७५ किलोचा पिता यांच्या साखळ्या सारख्याच कोनात कलतात.

झुलत्या नावेलाही हाच नियम लागू पडतो. नाव ६० अंशांपर्यंत वर जाऊन मुक्तपणे परतत असेल, तर तळाशी मधल्या आसनावरील व्यक्तीस स्वतःच्या वजनाच्या दुप्पट भार जाणवतो. टोकाच्या स्थितीत तोच भार निम्म्यावर येतो. हे प्रमाण नावेच्या दांड्याच्या लांबीवरही अवलंबून नसते, केवळ कोनावर अवलंबून असते. नावेच्या शेवटच्या आसनाची स्थिती याहून बिकट असते. ते मध्यापासून आणखी ३० अंश पुढे असल्यास, नाव सर्वोच्च बिंदूवर असताना त्या आसनावरील व्यक्तीस आसनाचा आधार जवळजवळ उरत नाही. क्षणभर भारशून्यता येते. या क्षणी पिता व मूल दोघेही सारखेच निराधार असतात. दोघांना जागेवर ठेवते ती मांडीवरील दांडी. मुलाचा धोका त्याच्या हलकेपणात नसून ही दांडी त्याच्या शरीरास भिडते की नाही यात आहे. उंचीची अट याच प्रश्नाचे उत्तर देते.

२. उंचीतून काय मोजले जाते?

पट्टा, मांडीवरील दांडी, खांद्यांवरून खाली येणारी चौकट आणि स्वतः आसन या सर्वांस मिळून येथे ‘सुरक्षाबंध’ असे म्हटले आहे. सुरक्षाबंध शरीरास तीन-चार ठराविक ठिकाणी पकडतो. ती ठिकाणे योग्य जागी आहेत की नाही, याचा अंदाज उंचीवरून पुढीलप्रमाणे बांधला जातो.

अ) मांडीची लांबी : बसलेल्या स्थितीत पाठीपासून गुडघ्याच्या मागील खोबणीपर्यंतचे अंतर उंचीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक असते. १०५ सेंटिमीटर उंचीच्या मुलात ते २८ सेंटिमीटरच्या आसपास भरते. आसन ४२ सेंटिमीटर खोल असल्यास मुलाचे गुडघे कडेपर्यंत पोहोचत नाहीत. मूल पाय लांब पसरून बसते किंवा गुडघे वाकवता यावेत म्हणून पुढे सरकते. पुढे सरकताच त्याची पाठ टेक सोडते आणि दांडीखालून घसरण्याचा मार्ग मोकळा होतो. एस.टी.च्या आसनावर बसलेल्या लहान मुलाकडे पाहिल्यास ही गोष्ट सहज ध्यानात येईल.

आ) बैठी उंची : खांद्यांवरील चौकट खांद्यावर टेकली तरच उपयोगी पडते. बुटक्या मुलाच्या खांद्यांवर पोकळी राहते आणि चौकट मान किंवा कानांच्या पातळीवर येते. प्रत्येक हिसक्यास डोके तिच्यावर आपटण्याचा संभव असतो.

इ) डोके व मान : नवजात अर्भकाचे डोके त्याच्या उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढ माणसात हेच प्रमाण एक अष्टमांशाच्या जवळ येते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचे डोके आकाराने प्रौढाच्या जवळपास पोहोचलेले असते, मानेचे स्नायू मात्र पुरेसे बळकट झालेले नसतात. ब्रेक डान्ससारख्या पाळण्यात बाजूने बसणारे हिसके अशा मानेस पेलत नाहीत.

ई) पाय व हात : जमिनीवर किंवा पायटेकूवर पाय टेकणे, मूठ दांडीभोवती पूर्ण वळणे, धडक-गाडीत पाय पायपट्टीपर्यंत पोहोचणे, या गोष्टीही उंचीशी निगडित आहेत. जलक्रीडा उद्यानात घसरगुंडीच्या शेवटी मुलाचे नाक पाण्याबाहेर राहील काय, हा प्रश्न तर थेट उंचीचाच आहे.

उ) समज : यंत्र थांबेपर्यंत न उठणे व हात बाहेर न काढणे यांसाठी लागणारे आत्मनियंत्रण वयानुसार येते. उंची ही वयाची ढोबळ खूण असल्यामुळे या बाबतीत ती काही अंशी उपयोगी ठरते. आकाशपाळण्यासारख्या संथ यंत्रात लहान मुलास एकटे न बसवण्यामागे मुख्यतः हेच कारण असते.

३. सामाईक दांडी : एक उलटा तर्क

‘मूल माझ्याशेजारी बसेल, मी त्याला धरीन,’ हे पालकांचे नेहमीचे म्हणणे असते. संथ पाळण्यात ते रास्त आहे. म्हणूनच कित्येक उद्यानांत एका उंचीच्या वर मूल एकटे, तर तिच्या खाली केवळ प्रौढाच्या सोबतीने बसू शकते. वेगवान पाळण्यात, विशेषतः यात्रेतील यंत्रांत, हा तर्क उलटा पडतो. तेथे दोघांतिघांच्या मांडीवर एकच लोखंडी दांडी येते. ती खाली येताना सर्वांत स्थूल व्यक्तीच्या मांडीवर किंवा पोटावर अडते. शेजारच्या मुलाच्या मांडीवर मात्र अख्खी मूठ सहज जाईल एवढी फट राहते. मूल एकटे बसले असते तर ही फट कदाचित कमी झाली असती. पित्याच्या सोबतीने ती वाढली. हाताने धरण्याचा भरवसाही फसवा असतो. २० किलोचे मूल दुप्पट भाराच्या क्षणी ४० किलोचे होते, आणि त्याच क्षणी पित्याचा स्वतःचा हातही दुप्पट जड झालेला असतो.

४. अटीचा आकडा कसा ठरतो?

अमेरिकेत ‘एएसटीएम’ या मानक संस्थेची मनोरंजन यंत्रांविषयीची समिती १९७८ मध्ये स्थापन झाली. युरोपचे ‘ईएन १३८१४’ हे मानक २००४ मध्ये आले व २०१९ मध्ये सुधारले गेले. भारतीय मानक ब्यूरोनेही मनोरंजन यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी ‘आयएस १५४७५’ ही मालिका २००४ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकी मानकात यंत्रातील त्वरणांची दिशा व तीव्रता पाहून सुरक्षाबंधाचे पाच वर्ग कल्पिले आहेत. पहिल्या वर्गात बंधाची गरज नसते. पाचव्यात प्रत्येकास स्वतंत्र, कुलूपबंद आणि एक कुलूप निकामी झाले तरी दुसरे टिकेल असा बंध लागतो.

त्यामुळे क्रम असा लागतो : आधी यंत्राची गती, मग त्वरणे, त्यांवरून बंधाचा वर्ग, बंधाची प्रत्यक्ष मापे आणि सर्वांत शेवटी त्या मापांत सुरक्षितपणे बसणारे लहानात लहान शरीर. त्या शरीराची उंची म्हणजे फलकावरील आकडा. अमेरिकी उद्यानांत ३६, ४२, ४८ व ५४ इंच (सुमारे ९१, १०७, १२२ व १३७ सेंटिमीटर) हे आकडे वारंवार दिसतात. एका यंत्राचा आकडा दुसऱ्यास उसना देता येत नाही, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

५. वय किंवा वजन का नको?

वय दाखल्याशिवाय सिद्ध होत नाही आणि सिद्ध झाले तरी शरीराचे माप सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या वाढसंदर्भानुसार मध्यम वाढीचा मुलगा सात वर्षांच्या सुमारास १२२ सेंटिमीटर उंची गाठतो. खुरटलेल्या वाढीच्या सीमेवरील मुलगा नऊ वर्षांनंतरच तेथे पोहोचतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे ३५ टक्के बालके खुरटलेली आढळली. म्हणजे ‘आठ वर्षांवरील सर्वांस प्रवेश’ असा नियम केल्यास आपल्याच भागातील अनेक मुले त्यांच्या शरीरास न बसणाऱ्या आसनात जातील. उंचीची पट्टी अशा मुलास अडवते तेव्हा त्यास वाईट वाटते हे खरे. परंतु ती त्याच्या वयाचा अपमान करीत नाही, त्याच्या मांडीची लांबी मोजते.

वजनाचे म्हणाल तर, ते यंत्राच्या ताकदीसाठी व बंध बंद होण्यासाठी महत्त्वाचे असते. म्हणून काही यंत्रांवर कमाल वजनही नमूद असते. मात्र वजनावरून मांडीची लांबी कळत नाही.

६. दोन दुर्घटना व अटीची मर्यादा

शरीर आणि बंध यांच्या नात्याचे महत्त्व दोन घटनांतून स्पष्ट होते. ८ जुलै २०११ रोजी न्यूयॉर्क राज्यातील डॅरियन लेक उद्यानात दोन्ही पाय गमावलेला एक माजी सैनिक उंच रोलर कोस्टरमधून बाहेर फेकला जाऊन मृत्यू पावला. मांडीवरील दांडी ज्या पायांच्या आधारावर काम करते, ते पायच नव्हते. २४ मार्च २०२२ रोजी ऑरलँडो येथे उंचावरून खाली येणाऱ्या मनोऱ्यातून चौदा वर्षांचा एक मुलगा पडून मरण पावला. तो आडमाप अंगाचा होता व त्याचे वजन यंत्राच्या मर्यादेहून अधिक होते. त्याच्या आसनाचा संवेदक नेहमीपेक्षा मोठी फट चालेल अशा रीतीने बदललेला असल्याचे तपासात आढळले. पहिला प्रौढ होता, दुसरा उंच. तरीही शरीर बंधात बसत नव्हते. उंची हे केवळ एक सोयीचे माप आहे. मूळ कसोटी बंध शरीरास भिडण्याची आहे.

उंचीची अट यंत्राच्या बिघाडापासून संरक्षण देत नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया येथे झुलत्या पाळण्याचा दांडाच तुटून दोन जण मृत्युमुखी पडले. तेथे कोणाच्याही उंचीचा संबंध नव्हता. देखभाल, जोडणी व तपासणी यांना पर्याय नाही. उंचीची पट्टी हा त्यानंतरचा टप्पा आहे.

७. यात्रेच्या संदर्भात

यात्रेतील यंत्रे मालमोटारीतून येतात, दोन दिवसांत उभी राहतात आणि आठवड्याने दुसऱ्या गावी जातात. पुष्कळ यंत्रे स्थानिक कारखान्यांत घडवलेली असतात व निर्मात्याची लेखी मापे सोबत नसतात. परवान्याच्या वेळी वीजजोडणी व सांगाडा यांचा विचार होतो. आसनात कोण बसणार याचा विचार झालाच तर तो पाळणा चालवणाऱ्यावर सोडला जातो. येथे आपल्या महाविद्यालयांना काम आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिक्षेत्रात भौतिकशास्त्र शिकवणारी अनेक महाविद्यालये आहेत. नांदेडच्या विष्णुपुरी येथे श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था आहे. भ्रमणध्वनीतील त्वरणमापकाने पाळण्याचे त्वरण नोंदवणे, आसनाची खोली व दांडीखालील फट मोजणे आणि स्थानिक मुलांच्या मांडीच्या लांबीशी ती ताडून पाहणे, हा पदवी स्तरावरील उत्तम प्रकल्प होऊ शकतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय प्रौढांच्या शरीरमापांचे संकलन प्रसिद्ध केले होते. आपल्या मुलांची मापे आपणच घेतली पाहिजेत.

निष्कर्ष :

१) उंचीची अट मुलाचे धैर्य, वय किंवा वजन मोजत नाही, सुरक्षाबंध त्याच्या शरीरास भिडेल काय, हे मोजते.

२) पाळण्यातील त्वरण सर्वांस समान असते. फरक पडतो तो मांडी, खांदे, मान व बंध यांच्या जुळणीत.

३) सामाईक दांडीच्या वेगवान पाळण्यात प्रौढाची सोबत लहान मुलाचे संरक्षण करतेच असे नाही, कित्येकदा ती फट वाढवते.

४) प्रत्येक यंत्राची अट त्याच्या आसनावरून ठरवावी. ती ठरेपर्यंत दांडी लावल्यावर मुलाच्या मांडीवर मूठ जात असेल, पाठ टेकत नसेल किंवा गुडघे आसनाच्या कडेला वळत नसतील, तर त्यास बसवू नये, हा साधा दंडक पाळणा चालवणारे व पालक या दोघांनीही पाळावा.

तिकीट खिडकीशेजारी रंगवलेली एक लाकडी पट्टी उभी करण्यास फारसा खर्च येत नाही. यात्रेतून मूल रडत परतले तर पुढच्या वर्षी ते पुन्हा येईल, आणि तोवर त्याची उंचीही वाढलेली असेल.