सुपारी देताना ढोलकीही विचारा

चैत्रातल्या यात्रेची सुपारी द्यायला पेठेहून मंचर, कळंब मागे टाकून तुम्ही नारायणगावच्या राहुट्यांत जाता. तारीख ठरते, बिदागी ठरते, वगाचे नावही विचारता. पण मंडळी, ढोलकी-हलगीवर कोण आहे हे किती जण विचारतात?

खरी कसोटी त्यांचीच. ढोलकीने तुकडा टाकायचा, हलगीने तो उचलून, फिरवून परत करायचा. हे कुठे लिहिलेले नसते. समोरच्याच्या हातांकडे बघत जागच्या जागी सुचावे लागते. पहाटेच्या दंवाने हलगीचे कातडे ढिले पडते, म्हणून गडी उठून ती जाळावर धरतो. तेवढ्यात शिट्ट्या मारू नका! कातडे ताणले, की मगच हलगी बोलते.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. पण नाचणारीचा पाय कुठे पडणार हे आधी ओळखणारा ढोलकीवाला? त्याचे नाव गावाला क्वचितच ठाऊक असते.

आता फडातही ड्रम आणि सिनेमाची गाणी आली. लोकांनाच ती हवीत, असे फडमालक सांगतात. तेव्हा यंदा सुपारी देतानाच अर्धा तास नुसत्या जुगलबंदीसाठी मागून घ्या. आणि जाळाला चार लाकडे गावानेच द्यावीत.