मोटारींतील पेट्रोलची वाफ : तिचा बंदोबस्त व पारख

वैशाखाच्या उन्हांत नांदेड-लातूरकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत कडब्याच्या गंजीशेजारीं उभ्या केलेल्या मोटारीस पेट्रोलचा वास येऊं लागला, तर "उन्हाळा आहे, चालायचेंच" असें म्हणून पुष्कळ लोक तिकडे दुर्लक्ष करितात. वस्तुतः ही गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नाहीं. हा वास बाहेर येऊं नये म्हणून मोटारींत कोणती योजना असते, व ती शाबूत आहे कीं नाहीं हें कसें पाहावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पेट्रोल अत्यंत उडून जाणारें द्रव्य होय. पाणी गोठतें त्याच्याही पुष्कळ खालीं, उणे ४० अंशांच्या सुमारास देखील, त्याची वाफ ठिणगीनें पेट घेऊं शकते. ही वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व सखल जागीं सांचते. तींत बेंझीन असतें. तें कर्करोगास कारण होतें. शिवाय हीच वाफ व इंजिनाचा धूर यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगत ओझोन वायु उत्पन्न होतो. गहूं व सोयाबीन या पिकांस तो विशेष अपायकारक आहे. म्हणजे नुकसान केवळ पेट्रोलच्या पैशाचें नव्हे.

पूर्वीं टाकीची वाफ सरळ हवेंत सोडून देत. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतानें १९७० च्या मोटारींपासून व सर्व अमेरिकेनें १९७१ पासून तिला अटकाव केला. योजना साधी आहे. टाकीचें झांकण घट्ट बसतें. वाफ एका नळीनें कोळशाच्या डब्यांत जाते. या डब्यास कॅनिस्टर म्हणतात. हा कोळसा चुलींतला नव्हे, तर विशेष रीतीनें सच्छिद्र केलेला असतो. त्याच्या एका ग्रॅमांतील छिद्रांचा पृष्ठभाग सुमारें १,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दहा गुंठे भरतो! या पृष्ठभागास वाफ चिकटून राहते. पुढें इंजिन चालूं लागलें कीं योग्य वेळीं विजेची एक झडप उघडते, इंजिनाच्या ओढीनें बाहेरची हवा डब्यांतून खेंचली जाते, आणि सांठलेली वाफ इंजिनांत जाऊन जळते. कणगींत ठेविलेलें धान्य कामास यावें तसाच हा प्रकार आहे.

आपल्या ऊसकरी बंधूंस एक गोष्ट नवल वाटेल. निव्वळ इथेनॉल पेट्रोलहून कमी उडतें. परंतु तें थोड्या प्रमाणांत मिसळलें असतां मिश्रणाची वाफ मूळ पेट्रोलहून वाढते. आपल्या देशानें २०२५ सालीं २० टक्के मिश्रणाचा पल्ला गांठला. तेव्हां मूळ पेट्रोल त्या बेतानें तयार करावें लागतें, व डबाही चांगल्या स्थितींत असावा लागतो.

नव्या जातीच्या मोटारीची कसोटी बंदिस्त खोलींत होते. पुण्याची १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन अशा कसोट्या घेते. मोटार चालवून तापलेली असतां ती एक तास खोलींत ठेवितात. नंतर २४ तास खोलीची उष्णता २० पासून ३५ अंशांपर्यंत चढवून पुन्हां उतरवितात. दोन्ही वेळीं निघालेली वाफ मिळून २ ग्रॅमांहून अधिक असतां कामा नये. आपला उन्हाळा ३५ अंशांच्या पुढें जातो, हें ध्यानांत ठेविल्यास येथील मालकानें अधिक जपणें अगत्याचें आहे. पी. यू. सी. दाखल्यावर विसंबूं नये. ती तपासणी मागच्या नळीच्या धुराची असते, टाकीच्या वाफेची नव्हे.

कारखान्यांत मिस्त्री नळ्यांत हलक्या दाबानें धूर सोडून पाहतो. जेथून धूर निघेल तेथें गळती समजावी. इंजिन बंद असतां विजेच्या झडपेंतून हवा पार जातां कामा नये. पेट्रोल भरल्यावर लगेच इंजिन सुरू होण्यास त्रास होत असेल, तर ही झडप उघडी राहिल्याचा संशय घ्यावा. घरीं झांकणाचें रबर चिरलेलें नाहीं ना, नळ्या उंदरांनीं कुरतडल्या नाहींत ना, हें दिवसाउजेडीं पाहावें. काडी किंवा विडी जवळ आणूं नये.

शेवटीं मुख्य गोष्ट. पंपावर नळी आपोआप बंद झाल्यावर "आणखी थोडें घाला" म्हणूं नये. कांठोकांठ भरलेलें पेट्रोल द्रवरूपानें डब्यांत शिरतें व कोळसा निकामी करितें. तसेंच "हा डबा कशास पाहिजे?" असें म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानूं नये. चार आण्यांच्या लोभापायीं सबंध गंजी जोखमींत घालणें शहाणपणाचें नव्हे.