शेवाळाला नाव देताना
– द्वितीय वर्ष, कला

आमच्या गावच्या तळ्यावर उन्हाळ्यात हिरवी साय धरते. तिला गावात एकच शब्द : शेवाळ. आजी ते पाणी गुरांना पाजू देत नसे. ‘का?’ विचारले तर ‘बाधतं’ एवढेच उत्तर. एका वर्षी आमची शेळी ते पाणी प्याली आणि दोन दिवसांत दगावली. ती कशाने गेली हे कोणी शोधले नाही. असे काही शोधता येते हेही आम्हांला ठाऊक नव्हते. मी कला शाखेचा विद्यार्थी, घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला पहिलाच. विज्ञानावर लिहिण्याचा माझा अधिकार नाही, हे मान्य करूनच त्या ‘का’चा ग्रंथालयात घेतलेला मागोवा वाचकांपुढे ठेवतो.

आपण सरसकट शेवाळ म्हणतो त्यात दोन वेगळी कुळे मिसळलेली असतात. एक खरे शेवाळ. त्याच्या पेशीत केंद्रक असते. दुसरे निळे-हिरवे शेवाळ, म्हणजेच सायनोबॅक्टेरिया. याच्या पेशीत केंद्रक नसते, म्हणून हे वस्तुतः जीवाणू. पण वनस्पतीप्रमाणे ते उन्हावर अन्न तयार करतात आणि प्राणवायू सोडतात. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्यामुळे. भातखाचरातील काही जाती हवेतला नत्र जमिनीत आणतात, हे पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवले. दुसऱ्या काही जाती मात्र यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर घाव घालणारे विष तयार करतात. एक खत, दुसरी विष, आणि वरून दोन्ही हिरव्याच! म्हणून जाती ओळखणे हा केवळ पंडितांचा खेळ नव्हे.

पूर्वी ही ओळख सूक्ष्मदर्शकातून होई. पेशी सुट्या की माळेसारख्या ओवलेल्या? माळेला फांद्या फुटतात का? मध्येच जाड भिंतीची, नत्र धरणारी पेशी दिसते का? अशा खुणांवरून टी. व्ही. देसिकाचारी यांनी १९५९ साली ‘सायनोफायटा’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. पण आकार फसवतो. पाणी, ऊन, खाद्य बदलले की एकच जीव वेगळा दिसू लागतो. उलट अगदी सारखे दिसणारे दोन जीव मुळात परके निघतात. त्यामुळे आता आकाराच्या जोडीला जनुकांची, विशेषतः ‘१६ एस’ नावाच्या जनुकाची, तुलना करतात आणि तो जीव कोठे व कसा राहतो हेही पाहतात. तिन्ही साक्षी जुळल्या तरच नवी जाती मानायची. मग तिचे रीतसर वर्णन छापायचे आणि पुढच्या अभ्यासकाला ताडून पाहता यावे म्हणून मूळ नमुना जपून ठेवायचा.

या खटाटोपाचे मोल एका उदाहरणावरून कळते. १९९४-९५च्या हिवाळ्यात अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या डीग्रे तलावावर पांढऱ्या डोक्याचे २९ गरुड मेले. त्यांच्या मेंदूत सूक्ष्म पोकळ्या पडल्या होत्या. कारण सापडेना. पुढे माग लागला तो असा : गरुड खात होते चांदव्याच्या जातीचे पाणपक्षी, आणि ते पक्षी खात होते हायड्रिला. शाळेत प्राणवायूचे बुडबुडे दाखवायला नरसाळ्याखाली ठेवतात तीच ही पाणवनस्पती. ती मूळची अमेरिकेतली नव्हे. मत्स्यालयांच्या व्यापारातून तिकडे गेली. सुझन वाइल्ड यांना तिच्या पानांखाली डाग आढळले. ते निळ्या-हिरव्या शेवाळाचे होते, आणि त्याच्या माळेला खऱ्या फांद्या फुटत होत्या. जनुके तपासली तेव्हा ते कोणत्याच ज्ञात प्रजातीत बसेना. २०१४ साली त्याला नाव मिळाले : ‘एटोक्थोनोस हायड्रिलिकोला’, म्हणजे हायड्रिलावर राहणारा गरुडमार.

तरी कोडे सुटले नव्हते. प्रयोगशाळेत वाढवलेला गरुडमार निरुपद्रवी निघाला! तेव्हा तलावातली पाने तपासली आणि विषात ब्रोमीन सापडले. प्रयोगशाळेतल्या पाण्यात ब्रोमाइड घालताच तेथेही विष तयार होऊ लागले. हा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गरुडांपासून तोवर २६ वर्षे लोटली होती. नावाने कोडे सुटले नाही हे खरे. पण नेमक्या कोणत्या जीवाची चौकशी करायची, हे त्या नावामुळे ठरले.

आमची शेळी शेवाळानेच गेली असे मी म्हणत नाही. त्या पाण्याचा थेंबही कोणी तपासला नव्हता. आजीची सावधगिरी मात्र शहाणपणाची होती, एवढे आता कळते.

दिवाळीच्या सुटीत तळ्याचे पाणी बाटलीत भरून आणले आणि भीतभीतच वनस्पतिशास्त्र विभागात गेलो. सरांनी कला शाखेचा म्हणून परत पाठवले नाही. काचपट्टीवर थेंब ठेवून म्हणाले, “बघ.” हिरव्या मण्यांची माळ, आणि मध्येच एक फिकट, मोठा मणी. मी विचारले, “सर, ही कोणती जात?” ते हसले. “आकारावरून घराणे सांगतो. जात एवढ्यात विचारू नकोस.” बाटलीवर त्यांनी गावाचे नाव आणि तारीख लिहायला लावली. आमच्या तळ्याचे नाव मी प्रथमच कोठेतरी लिहिले.